रोमँटिक कॉमेडीची पहिली दहा पानं: पात्रं आणि जॉनर नेमके कसे उभे करायचे

गजर वाजतो. नायिका दचकून उठते, एका पायात चप्पल घालून धावत सुटते, वळणावर एका तरुणाशी धडकते, हातातले कागद उडतात, दोघं एकदम खाली वाकतात आणि नजरानजर होते. नव्याने लिहिणाऱ्यांच्या रोमँटिक कॉमेडीच्या पटकथा वाचताना ही सुरुवात इतक्यांदा भेटते की पुढचं पान न उलटताही सांगता येतं. पाच पानं खर्ची पडतात आणि वाचणाऱ्याला तिच्याबद्दल एवढंच कळतं, की तिला उशीर झालाय. त्या तरुणाबद्दल तर तेवढंही कळत नाही.

यात मेहनत कमी पडलेली नसते, पण सुरुवातीने काय साधायचं हेच चुकीचं ठरवलेलं असतं. रोमँटिक कॉमेडीचा प्रेक्षक आत येतानाच जाणून असतो की हे दोघं शेवटी एकत्र येणार. त्यामुळे ‘होणार का?’ ही उत्सुकता इथे चालत नाही. ‘या दोघांचं, आणि तेही असल्या स्वभावांनिशी, जमणार तरी कसं?’ ही उत्सुकता चालते. म्हणून पहिल्या दहा पानांचं काम हे दोघं कोण आहेत ते सांगणं नव्हे. या दोघांना प्रेम का जमत नाहीये, ते हसवत दाखवणं आहे. खालचे सगळे टप्पे या एका कामासाठी आहेत.

मापाचं आधी सांगते. रूढ फॉरमॅटमध्ये लिहिलेल्या पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. शंभरेक पानांच्या पटकथेत सुरुवातीचा सीक्वेन्स, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सीनचा गट, आठ ते बारा पानांत आटोपायला हवा, आणि तोवर दोघांची भेट झालेली असावी किंवा अटळ तरी झालेली असावी.

तयारी: पहिलं पान लिहिण्याआधी

बहुतेक जण इथेच घाई करतात. सुरुवात सुचली की ती लिहून टाकावीशी वाटते, पण चार गोष्टी कागदावर उतरल्याशिवाय लिहिलेली सुरुवात नंतर जवळजवळ हमखास फेकावी लागते.

1. शेवटचा सीन. तपशील नंतर बदलले तरी चालतील. मात्र शेवटी प्रत्येक जण अशी कोणती कृती करतो, जी त्याला सुरुवातीला अजिबात जमली नसती, हे आधी ठरलं पाहिजे. सुरुवात त्या कृतीवरून उलटी काढायची असते.

2. प्रत्येकाची चुकीची समजूत. एका वाक्यात, आणि त्या पात्राच्याच आवाजात. ‘ती प्रेमाला घाबरते’ हे वाक्य कामाचं नाही, कारण ते कुणालाही लागू पडतं.

3. त्या समजुतीतून आलेली सवय. कॅमेऱ्याला दिसेल अशी. मनात चाललेलं काहीही इथे मोजायचं नाही.

4. घासण्याची जागा. एकाची सवय दुसऱ्याच्या सवयीला नेमकी कुठे टोचते?

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. नायिका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीत सुपरवायझर आहे; दुसऱ्यांची घरं दोन तासांत खोक्यांत भरते. तिची समजूत अशी: ‘सामान उघडलं की तिथे राहावं लागतं.’ त्यामुळे तिच्या स्वतःच्या घरात तिची खोकी अजून टेप लावलेलीच आहेत. नायक नाटकाचा प्रॉम्प्टर आहे. विंगेत उभा राहून इतरांना विसरलेले शब्द पुरवतो. त्याची समजूत: ‘माझ्या शब्दांची कुणाला गरज नसते, लोकांना त्यांचेच शब्द वेळेवर हवे असतात.’ शेवटी ती एक खोकं उघडणार आणि तो, अडखळत का होईना, स्वतःचं एक वाक्य बोलणार. एवढं ठरलं की सुरुवातीचा निम्मा भाग आपोआप दिसू लागतो.

*तपासा:* नायकाच्या जागी त्याचा मित्र ठेवून बघा. गोष्ट तशीच पुढे सरकत असेल तर चौथा मुद्दा अजून सापडलेला नाही. तो सापडेपर्यंत पान उघडू नका.

टप्पा 1: पहिली कृती निवडा

पात्राची पहिली कृती प्रेक्षकाच्या मनात सर्वांत खोल बसते. पुढे ती पुसायला फार पानं लागतात. म्हणून ती आरशासमोर, अंथरुणात किंवा फोन चाळण्यात वाया घालवू नका. पात्र ज्या कामात तरबेज आहे, ते काम करताना त्याला दाखवा, आणि त्याच कामात त्याची उणीव लपलेली असू द्या.

आपला प्रॉम्प्टर विंगेत उभा आहे. रंगमंचावर नायकाची भूमिका करणारा नट ऐन प्रेमाच्या कबुलीला अडतो. आपला माणूस वहीकडे न बघता पुढचं वाक्य पुटपुटतो, नट ते झोकात म्हणतो, टाळ्या पडतात. मध्यंतरात त्याचा फोन वाजतो. सोबत राहणारी मैत्रीण शांतपणे सांगते की ती घर सोडून निघाली आहे, आणि विचारते, ‘तुला काही म्हणायचंय?’ त्याचं तोंड उघडतं. शब्द येत नाही. शेजारी उभा असलेला लाइटवाला कुजबुजतो, ‘थांब म्हण, थांब!’ तोवर फोन बंद झालेला असतो.

दीड पान. त्याचा पेशा, कौशल्य, उणीव आणि मोडलेलं नातं कळलं. ‘तो बोलायला लाजतो’ असं मात्र कुणीही म्हणालं नाही. शिवाय शब्द पुरवणाऱ्यालाच कुणीतरी शब्द पुरवतोय, या उलटेपणात हसू आहे. पात्राची ओळख आणि विनोद एकाच कृतीतून निघाले तर ती कृती बरोबर निवडली आहे असं समजा. विनोद वेगळा आणि ओळख वेगळी अशी पानं पडत असतील, तर अजून शोधा.

*इशारा:* धडपडणं हा स्वभाव नाही. ‘गोंधळी पण गोड’ नायिका लिहिणं सोपं पडतं, कारण धडपडण्यावर कुणीही हसतं. पण त्यातून त्या व्यक्तीला काय नकोसं आहे, काय हवंसं आहे, यातलं काहीच कळत नाही. नायिका पडलीच तर तिच्या समजुतीमुळे पडावी.

टप्पा 2: जॉनर ठरतो तो चुकीच्या किमतीवर

जॉनर, म्हणजे चित्रपटाचा प्रकार, कळावा म्हणून लोक हलकंफुलकं संगीत, उजळ रंग, गोलसर अक्षरांतली टायटल्स यांच्याकडे धावतात. ती मदत करतात, पण दुय्यम. त्याच संगीताखाली, त्याच रंगांत एखादा थरारपटही सुरू होऊ शकतो, आणि मुद्दाम होतोही.

प्रेक्षक जॉनर ओळखतो तो वेगळ्या खुणेवरून: या जगात चूक झाली तर काय किंमत मोजावी लागते? थरारपटात चुकीची किंमत जीव असते. कौटुंबिक नाट्यात कायमचं तुटलेलं नातं. रोमँटिक कॉमेडीत किंमत असते लाज. चारचौघांत फजिती होते, अभिमान दुखावतो, संध्याकाळ वाया जाते. पण उद्याची सकाळ उजाडणार याबद्दल शंका नसते. ही किंमत पहिल्या दोन-तीन पानांतच ठरवून टाका.

एक माणूस जिन्यावरून घसरतो. पुढचा शॉट त्याच्या कपाळावरच्या जखमेचा असेल तर प्रेक्षक गंभीर होतो. पुढचा शॉट खाली उभ्या असलेल्या आणि नेमका याच क्षणी वर बघणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याचा असेल, तर हसू फुटतं. पडणं तेच होतं. नुकसान कशाचं झालं, ते तुम्ही पुढच्या शॉटने ठरवलंत.

दिग्दर्शकाचं काम समजून लेखक हे सोडून देतात. तसं करू नका. पटकथेत कॅमेऱ्याच्या सूचना भरायची गरज नाही, पण कृतीचं वर्णन कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अंतरावरून करता, यावरून शॉट सुचतोच. फजितीला रुंद चौकट मानवते, कारण माणूस, त्याचा अडकलेला हात आणि बघणारे लोक एकाच वेळी दिसावे लागतात. म्हणून फजिती लिहिताना आजूबाजूचे लोकही त्याच परिच्छेदात आणा. एकट्याच्या चेहऱ्यावर थांबलात की वेदना सुरू होते.

आता दुसरी बाजू. रोमँटिक कॉमेडीतला ‘रोमँटिक’ अर्धा भाग याच टप्प्यात सर्वांत जास्त विसरला जातो. दहा पानं नुसती गंमत झाली तर प्रेक्षकाला दोघांचं काहीच वाटत नाही. ती पात्रं विनोद वाहून नेणारी हमाल ठरतात. सुरुवातीच्या सीक्वेन्समध्ये एक क्षण असा हवा, ज्यावर विनोद केलेला नाही. लांब नको, पाव पान पुरे. आपली नायिका रात्री घरी येते, कपात कॉफी ओतते, ढवळायला चमचा नाही. ‘स्वयंपाकघर’ लिहिलेल्या खोक्याकडे बघते. टेपवर नख फिरवते. मग खिशातलं पेन काढून त्याने कॉफी ढवळते. पेनावर प्रेक्षक हसेल. पण टेपवर थबकलेलं नख त्याच्याही आधी येऊन गेलंय, आणि तिच्याबद्दल आस्था वाटू लागते ती तिथून.

*तपासा:* पहिलं खरं हसू कोणत्या पानावर आहे? दुसऱ्या पानाच्या पुढे असेल तर उशीर झालाय. पहिली खरी कळ कोणत्या पानावर आहे? ती आठव्या पानापर्यंत आलीच नसेल, तर दोघांपैकी एकाचा प्रास्ताविक सीन पुन्हा लिहा.

टप्पा 3: कोण आधी, कोण नंतर

रचना मुख्यतः तीन.

पहिली: दोघांना वेगवेगळं उभं करा, मग भेटवा. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (1934) अजूनही या रचनेचा उत्तम धडा आहे. नायिका वडिलांच्या यॉटवर अन्न नाकारून बसली आहे. वाद चिघळतो आणि ती सरळ पाण्यात उडी मारून पळते. नायक दारूच्या नशेत टेलिफोन बूथमध्ये संपादकाशी भांडतोय. संपादक त्याला काढून टाकून फोन ठेवतो, तरी बाहेर जमलेल्यांसाठी हा रिकाम्या फोनवर रुबाबात बोलत राहतो. ती अडवणुकीला पळून उत्तर देते, तो पराभवाला देखावा करून. मग बसमधल्या एका सीटवरून दोघांची गाठ पडते, तेव्हा प्रेक्षकाला दोघांचीही दुखरी जागा ठाऊक असते, त्यांना मात्र एकमेकांची नसते. या रचनेची सगळी ताकद या जादा माहितीत आहे.

दुसरी: दोघांना पहिल्याच सीनपासून एकत्र ठेवा आणि एकमेकांच्या प्रतिक्रियांतून ओळख करून द्या. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (1989) शिकागो ते न्यूयॉर्क अशा लांबच्या मोटारप्रवासात हेच करतो. तो द्राक्षाची बी थुंकतो ती बंद काचेवर. ती हॉटेलात ऑर्डर देताना प्रत्येक जिन्नस कसा आणि कुठे वाढायचा ते सांगत बसते. प्रवास असल्यामुळे कुणालाच उठून जाता येत नाही. या रचनेला अशी कोंडी लागते. ती नसेल तर पात्रं निघून का जात नाहीत, हा प्रश्न पडतो.

तिसरी: एकालाच पूर्ण सीक्वेन्स द्या आणि दुसऱ्याला त्याच्या नजरेतून आणा. ही अवघड आहे. दुसरी व्यक्ती स्वप्नातली वस्तू होऊन बसण्याचा धोका असतो. एकाची चुकीची नजर हाच गोष्टीचा विषय असेल, तरच ही निवडा.

पहिली रचना घेतलीत तर दोघांना सारखी पानं द्यायचा अट्टहास नको. ज्याची उणीव समजायला वेळ लागतो, त्याला जास्त द्या. आपल्या उदाहरणात प्रॉम्प्टर लगेच कळतो. सुपरवायझरला मात्र दोन सीन लागतात, एक दुसऱ्याच्या घरात कामाचा आणि एक स्वतःच्या घरातला. दोन्ही पाहिल्याशिवाय विसंगती दिसत नाही.

टप्पा 4: व्हॉइसओव्हर, टायटल्स, माँटाज

व्हॉइसओव्हर, म्हणजे दृश्यावर ऐकू येणारा निवेदनाचा आवाज, घ्यायचा असेल तर एकच नियम पाळा: आवाज आणि चित्र यांचं पटता कामा नये. आवाज म्हणतोय, ‘मी आता अगदी सावरलोय,’ आणि चित्रात तो दोन माणसांची जेवणाची पानं मांडतोय, तर आवाजाला काम आहे. आवाज म्हणतोय ‘मी एकटा राहतो’ आणि चित्रातही एकटाच, तर तो काढून टाका.

माँटाज, म्हणजे झरझर बदलणाऱ्या छोट्या दृश्यांची माळ, वर्षं ओलांडायला वापरा, स्वभाव सांगायला नको. स्वभावाला विरोध करणारं समोर कुणीतरी लागतं, आणि माँटाजमध्ये कुणी कुणाला विरोध करत नाही. टायटल्सखालच्या शहराच्या दृश्यांबद्दल एवढंच: ती कुठल्याही दुसऱ्या चित्रपटाला लावता येत असतील तर तुमच्या पटकथेत ती नकोत.

टप्पा 5: दुय्यम पात्रं

नायिकेची मैत्रीण, नायकाचा मित्र, आणि ‘चुकीचा’ जोडीदार. सुरुवातीला तिघांनाही आणायची घाई करू नका, दोन पुरेत.

मैत्रीण फक्त ‘तुझं काय चाललंय?’ विचारायला येत असेल, तर तो प्रेक्षकाला माहिती पुरवायचा बहाणा आहे आणि तो लगेच उघडा पडतो. तिला स्वतःचं काम द्या, त्या कामासाठी नायिकेकडून काहीतरी हवं असू द्या. आपला लाइटवाला बघा: त्याला फक्त फोन संपायला हवाय, कारण तिसरी घंटा झाली आहे आणि प्रॉम्प्टर जागेवर नाही.

चुकीच्या जोडीदाराला दुष्ट करू नका. तो उद्धट, लोभी किंवा फसवा निघाला तर नायिकेने त्याला निवडलंच कसं, या प्रश्नाने तिचीच किंमत कमी होते. तो चांगला असावा, आणि नेमका तिच्या चुकीच्या समजुतीला सोयीचा असावा. खोकी न उघडता राहणाऱ्या बाईला सतत फिरतीवर असणारा सज्जन माणूस फार बरा वाटेल. तो तिला खोकी उघडायला कधीच सांगणार नाही.

टप्पा 6: भेट

ज्याला ‘मीट-क्यूट’ म्हणतात तो सीन. यात गोडवा शोधत बसल्यामुळेच तो बिघडतो. भेटीला चार अटी लावा.

दोघंही तिथे स्वतःच्या कारणासाठी आलेले असावेत. योगायोग एकच असावा, आणि त्याने दोघांची सोय न होता पंचाईत व्हावी. दोघांच्या सवयी समोरासमोर याव्यात. आणि सीन संपताना पुन्हा भेटण्याचं कारण मागे उरावं, जे दोघांपैकी कुणाच्या तरी स्वभावातून निर्माण झालं असेल.

आपल्याकडे ती भेट अशी होते. घर सोडून गेलेल्या मैत्रिणीने सामान न्यायला पॅकर्स पाठवलेत. सुपरवायझर यादी घेऊन दारात उभी. प्रत्येक वस्तूपाशी तिचा एकच प्रश्न: ‘हे तुमचं की त्यांचं?’ आणि याला एकाही वस्तूबद्दल ठामपणे सांगता येत नाही. ‘तसं ते... म्हणजे आणलं मी होतं, पण आवडलं तिला होतं.’ तिला वेळ नाही. ती लेबलं लावत सुटते. तो ज्या खुर्चीवर बसलाय तिच्यावरही लेबल लागतं, तेव्हा तो निमूटपणे उठून उभा राहतो. ट्रक निघून गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, की त्याच्या प्रॉम्प्टिंगच्या वहीचं खोकं गेलं. विचारलं होतं तेव्हा तो गप्प बसला होता, म्हणून गेलं. रात्री प्रयोग आहे.

पुन्हा भेटण्याचं कारण तयार झालं, आणि ते योगायोगाने नव्हे, त्याच्या गप्प बसण्याने. घासण्याची जागाही उघड झाली: तिला सगळं लेबल लावून बंद करायचं असतं, याला स्वतःचं काय तेच सांगता येत नाही.

*इशारा:* पहिल्या भेटीत दोघांना एकमेकांचा तिरस्कार वाटलाच पाहिजे असं नाही. नुसती कडाक्याची भांडणं लिहिली की संवाद चुरचुरीत होतात, पण ओढ कुठून येणार? भांडणाच्या मध्ये एक क्षण द्या, जिथे एकजण दुसऱ्याचं काहीतरी अचूक ओळखतो. ती एक जुना दिवा उचलते आणि न विचारताच म्हणते, ‘हा तुमचा.’ कसं ओळखलं, ते सांगत नाही. एवढंच पुरे.

टप्पा 7: कापाकापी आणि कसोट्या

पहिला ड्राफ्ट पंधरा-सोळा पानांचा होईल. होऊ द्या. मग या क्रमाने तपासा. क्रम उलटा केलात तर जे सीन जाणारच आहेत त्यांचे संवाद घासत बसाल.

आधी पहिलं पान काढून दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिलं पान गेलं. हेच दुसऱ्याला लावा. अडेल तिथे थांबा. सुरुवात तिथे आहे.

मग सगळे संवाद झाकून फक्त कृती वाचा. नुसत्या कृतींवरून दोघांच्या उणिवा कळायला हव्यात. कळत नसतील तर संवाद सुधारू नका, टप्पा 1 कडे परत जा.

त्यानंतर पात्रांची नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू यायला हवं. प्रॉम्प्टरची वाक्यं अर्धवट तुटतात, सुपरवायझरची प्रश्नार्थक आणि आखूड असतात. हा फरक प्रत्येक ओळीत टिकला पाहिजे.

शेवटी चार-पाच जणांना बसवून मोठ्याने वाचन करा. तुम्ही स्वतः कोणतंही पात्र वाचू नका, आधी कथा सांगू नका, आणि वाचन चालू असताना काही समजावू नका. हातात पेन्सिल घ्या. हसले तिथे एक खूण, एकदम शांत झाले तिथे दुसरी. दहावं पान संपलं की वाचन थांबवा आणि दोनच प्रश्न विचारा: या दोघांचं कशामुळे जमत नाहीये? आणि पुढे काय बघायला आवडेल? पहिल्या प्रश्नाला ‘कारण ते भांडतात’ असं उत्तर आलं, तर समजुती पानावर उतरलेल्या नाहीत. दुसऱ्याला ‘तो वही आणायला जाईल तेव्हा काय होईल ते’ असं नेमकं उत्तर आलं, तर अकरावं पान लिहायला घ्या.